सात मिलिमीटर जाडीचे मामा

पाण्यात उतरायचं म्हटलं की माणसं खोली विचारतात, गाळ किती ते विचारतात, फार तर साप आहे का ते विचारतात. पण ‘अंगात किती जाडीचं रबर घालू?’ हा प्रश्न सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून आजवर एकाच माणसाला पडला असेल, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. हा प्रश्न त्यांना उठता-बसता पडायचा. बसता म्हणणं तसं चूकच, कारण मामांना बसलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. ते जेवायला पाटावर बसायचे आणि भाजी वाढून होईपर्यंत उठून आडात डोकावून यायचे. एस.टी.त बसले की प्रत्येक थांब्याला खाली उतरायचे आणि कंडक्टरने घंटी मारल्यावर चालत्या गाडीत चढायचे. आमच्या लग्नात अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरीच्या मागे उभा राहायचा मामाच कुठे दिसेना. शेवटी ते सापडले मांडवामागच्या विहिरीत, तिसऱ्या पायरीवर, नव्या फेट्याचा शेव पाण्यात सोडून उकिडवे बसलेले. धरून आणलं तर मुलीच्या पाठीमागून मला म्हणतात, "जावईबापू, ह्या हिरीचं पानी लय ऊबदार हाय. हितं तीन मिलिमीटर बास!" त्यांचं माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं. अक्षता अजून माझ्या डोक्यावर होत्या.

मामांनी नौदलात अठरा वर्षं पाणबुड्याचं काम केलं होतं. वाळव्याकडच्या त्यांच्या गावात फौजेत गेलेली माणसं घरटी एक. ती पारावर बसून बर्फाच्या आणि वाळवंटाच्या गोष्टी सांगायची आणि गाव मान डोलावत ऐकायचं. मामांची पंचाईत अशी, की जहाजाच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडले या गोष्टीला कुणी मान डोलावेना. "म्हंजी तुमी बोटी धूत व्हता व्हय?" असं एका सुभेदाराने विचारलं, तेव्हापासून मामा त्या वाटेनं जाईनासे झाले. नोकरी संपल्यावर त्यांच्या विद्येला एकच गिऱ्हाईक उरलं, ते म्हणजे विहिरीत बुडालेली इंजिनं. पावसाळ्यात पाणी एकाएकी चढलं की कुणाचं ना कुणाचं तेलाचं इंजिन पाण्याखाली जायचं आणि मामांना बोलावणं यायचं. ते छाती भरून दम घ्यायचे, बुडी मारून इंजिनाला साखळी अडकवायचे, वर यायचे, आणि बैल लावून इंजिन ओढलं जात असताना जमलेल्या लोकांना सांगत सुटायचे, "ह्ये काय काम न्हवं. ह्ये कोन बी करील. आमचं काम गार पान्यातलं."

त्या गार पाण्यासाठी त्यांनी एक रबरी सूट जपून ठेवला होता. नौदलाने कंडम म्हणून मोडीत काढलेल्या मालातला. काळा, वर जाकीट आणि खाली विजार, जाडी तीन मिलिमीटर. लोखंडी ट्रंकेत पावडर मारून तो झोपवलेला असायचा आणि मामी आपली एकुलती एक पैठणी घडी करून त्याच्या पायाशी ठेवत असत, कारण दुसरी ट्रंक घरात नव्हती. हा सूट अंगाला पाणी लागू देत नाही असा माझा समज होता. तो मामांनी पहिल्याच दिवाळीत दूर केला. पाणी आत येतंच. पण आलेलं पाणी अंगाच्या उबेनं तापतं आणि रबर ती ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढीच त्यातली करामत. मग जाडी किती घ्यायची? पातळ घेतला तर थंडी मारते. जाड घेतला तर हातपाय वाकत नाहीत, रबरातल्या हवेनं माणूस तरंगतो आणि पाणी त्याला आतच घेत नाही. म्हणून पाणी जितकं गार तितकं रबर जाड, रबर जितकं जाड तितकं कमरेला वजन जास्त, आणि गोडं पाणी समुद्राइतकं उचलून धरत नाही म्हणून त्या वजनातून पुन्हा थोडं कमी. हे चक्र त्यांच्या डोक्यात अखंड फिरत असायचं. शर्टाच्या खिशात तीन, पाच आणि सात मिलिमीटरचे रबराचे तुकडे असत. भेटेल त्याच्या चिमटीत ते देऊन मामा विचारत, "सांगा, कंचा घालाल?" माणूस बिचारा अंदाजानं मधला दाखवायचा. "पानी किती गार ते इचारलंसा का आधी?" म्हणून त्याची लगेच हजेरी. पुढे पुढे तर त्यांना सगळं जगच जाडीत दिसू लागलं. मामींची भाकरी उचलून ते म्हणायचे, "ही पाचची झाली." शेजारणीचं तान्हं बाळ दुपट्यात पाहून म्हणाले, "ह्याला सात पायजे." शेजारीण पुढे बरेच दिवस बाळ झाकून नेत असे.

मी सांगलीतल्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. स्वभावानं बैठा माणूस. रविवारी जेवून पंख्याखाली आडवं पडायला मिळावं, यापलीकडे देवाकडे माझं मागणं नव्हतं. पण शाळेच्या प्रयोगशाळेत तापमापक असतो हे मामांना कळलं आणि माझे रविवार संपले. त्याआधी त्यांनी डॉक्टरकडचा, काखेत धरायचा तापमापक विहिरीत सोडून पाहिला होता. त्यावर पस्तिसाच्या खालचे आकडेच नसल्यामुळे तालुक्यातल्या सगळ्या विहिरी त्यांना मेल्यासारख्या वाटल्या होत्या. मग सायकलीवरून आमची वणवण सुरू झाली. तासगाव झालं, विटा झालं, पार पूर्वेच्या माळापर्यंत आम्ही गेलो. अकरा विहिरी. मी तापमापकाला सुतळी बांधून खाली सोडायचो, मामा काठावर येरझाऱ्या घालायचे.

"किती?"

"पंचवीस."

"परत सोडा."

"पंचवीसच आहे, मामा."

उन्हाळ्यात पंचवीस, दिवाळीत पंचवीस, थंडीत वाफा निघणाऱ्या विहिरीतही पंचवीस. माळावर मेंढरं चारणारे एक धनगर आजोबा बराच वेळ आमचा हा उद्योग पाहत उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, "आवं, काचंची नळी कशापायी बुडवताय? हीर हाय ती. उनाळ्यात गार लागनार, हिवाळ्यात ऊन. माज्या आज्याला बी ठावं व्हतं." मामांनी ताबडतोब वही मागितली आणि मोठ्या अक्षरांत निकाल लिहिला: ‘गोडे पाणी, पंचवीस. तीन मिलिमीटर पुरे.’ खाली दोन रेघा मारल्या. विहिरीचं पाणी जमिनीच्या पोटात असतं, उघड्या तळ्याची गोष्ट निराळी, हे मला शास्त्राचा मास्तर म्हणून तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर बारावी विहीर निघाली असती, म्हणून मी गप्प बसलो. हा आळस माझा, आणि तो मला पुढे चांगलाच जाचला.

बोलल्या त्या मामी. मामी जावळीच्या डोंगरातल्या, मेढ्याच्याही वर एका तळ्याकाठच्या गावच्या. लहान चणीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि मामांच्या मागे दिवसभर वस्तू जागेवर ठेवत फिरणाऱ्या. वहीतला निकाल मामांनी मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा पीठ मळता मळता त्यांनी एवढंच विचारलं, "आमच्या तळ्याला बी पंचवीसच व्हय?"

"पानी सगळीकडं पानीच असतंय."

"पुसाच्या थंडीत तिथं धुनं धुताना बोटं लाकडाची व्हत्यात," मामी म्हणाल्या. "आमची आई सांगायची, पाय आपलं हायती का परक्याचं ह्ये कळंना झालं, की धुनं तसंच टाकून काठावर यायचं. मोजायचं न्हाई, इचार करायचा न्हाई."

"आता धुन्याचं बी वहीत लिवू काय?" मामा म्हणाले आणि आडाकडे निघून गेले.

आणीबाणीच्या आधीच्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या सुमाराला, एक तरुण इंजिनिअर जीप घेऊन मामांच्या दारात आला. त्याच तळ्यातून पाइपनं खालच्या गावाला पिण्याचं पाणी जात होतं. दुरुस्तीसाठी म्हणून तळातलं झडपेचं चाक बंद केलं ते पुन्हा उघडेना. काठावरून फिरवायचा दांडा मोडला होता. चाक पाच पुरुष, म्हणजे तीस फूट पाण्याखाली, पुरते दहा आटे फिरवायचं, आणि गावाला टँकरनं चौथ्या दिवशी घागरभर पाणी. खात्याचा पाणबुड्या लांबच्या कामावर गुंतलेला, यायला महिना लागेल म्हणत होते. इंजिनिअर हे सगळं सांगून संपवेपर्यंत मामांनी ट्रंक ओसरीवर आणलीही होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पाणी पाहायला वर गेलो. मी सुतळी सोडली, ओढली आणि पुन्हा सोडली.

"किती?"

"चौदा."

मामांनी माझ्या हातातून तापमापक घेतला, तोंडात धरला, छत्तीस दाखवतो म्हणून खात्री केली आणि स्वतः सात वेळा तळ्यात सोडला. चौदाच. मग मात्र मला खरं बोलावंच लागलं, आणि आणखी एक वाईट बातमीही द्यावी लागली. पाच पुरुष खाली पाण्याच्या दाबानं रबर चपतं. काठावर सात मिलिमीटरचा असलेला सूट तिथे जेमतेम चारचा उरतो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला नोकरी सोडावीशी वाटली. "जावईबापू, अकरा हिरी फिरला माज्यासंगं, तवा तोंड शिवलं व्हतं व्हय तुमचं?" परतताना जीपमध्ये बराच वेळ ते खिडकीची काच वरखाली करत राहिले. मग एकदम म्हणाले, "मी काय म्हनतो, अठरा वर्सं बोटी धुतल्या, सा वर्सं इंजनं काढली. एकदा, येकदाच खरं काम करून मरू द्या मला. मग सूट मोडीत घाला."

आठ दिवसांत तीनचा सूट सातचा करायचा होता. मिरजेला हवाई चपला बनवणाऱ्या एका कारखानदाराकडून मामांनी पातळ रबराचे ताव आणले, निळे. पंक्चरच्या सोल्युशननं त्याचे दोन थर काळ्या सुटावर चिकटवायचं काम ओसरीवर सुरू झालं. घरात असा वास कोंडला की मामी स्वयंपाक परसात करू लागल्या. तयार झालेला सूट घालायला मामा, मी आणि शेरभर बाजरीचं पीठ लागलं. काढायला कुणीच पुरेना. सूट अंगात अडकला असतानाच तलाठी काही कामानं आले, तर मामा दोन्ही हात आडवे पसरून, बुजगावण्यासारखे उभे राहून त्यांच्याशी उताऱ्याबद्दल बोलले. तलाठी चहा न घेता गेले. मग शेजारच्या विहिरीत चाचणी. मामांनी उडी मारली आणि मारली त्याहून जोरात ते वर आले. पाय वर, डोकं खाली, निळा पार्श्वभाग आकाशाकडे. काठावर निम्मं गाव.

"मामा, बुडा की!" विहिरीचा मालक ओरडला.

"बुडतोय की!" मामा पाण्यातून ओरडले.

"कुटं बुडताय? भोपळा हाय नुसता!"

कमरेला पाच किलोचं वजन बांधलं, तरीही भोपळा. वाण्याच्या दुकानातून लोखंडी मापं आणून पट्ट्यात ओवली, तेव्हा कुठे विहिरीनं त्यांना आत घेतलं. त्या आठवड्यात गावात कुणालाही पाच किलो ज्वारी एकदम मोजून मिळाली नाही.

ठरल्या दिवशी आम्ही एस.टी.नं निघालो, मामा, मी, ट्रंक, आणि मामी. मामींना कुणी बोलावलं नव्हतं. "माझं म्हायेर हाय," एवढं म्हणून त्या खिडकीपाशी बसल्या. कराडपर्यंत मामांचं मत सात मिलिमीटर असं होतं. उंब्रजला त्यांना वाटलं की जाडीमुळे चाकावर हात वळणार नाही, तीनच बरा. साताऱ्याला त्यांनी निळे थर फाडून पाच करायचं ठरवलं आणि कात्री शोधायला उतरले. ते खाली गेल्यावर मामी माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, एक सांगू? कुनाला बोलू नगा. त्यांच्या बोटांस्नी काय कळत न्हाई आता. पाण्यात ऱ्हाऊन ऱ्हाऊन मेल्यात ती. चुलीवरचं पातेलं फडक्याबिगर उचलत्यात. गार बी कळत न्हाई, ऊन बी न्हाई. म्हनून तर त्यो काचंचा तुकडा घिऊन हिंडत्यात." सगळी वणवण, अकरा विहिरी, खिशातले तुकडे, भेटेल त्याला विचारणं, सगळ्याचा उलगडा एका क्षणात झाला. थंडी भरली की अंग सांगतं, आता वर चल. या माणसाचं अंग सांगणारच नव्हतं. तो खाली आटे फिरवत राहील आणि त्याला कळणारही नाही. "मग अडवत का नाही तुम्ही?" मी विचारलं. मामी बाहेर पाहत म्हणाल्या, "सा वर्सं बगतीया मी. हिरीतनं वर आल्यावर त्यांचं त्वांड बगितलंय का तुमी कवा? कसं अडवू?" तेवढ्यात मामा कात्रीशिवाय परत आले आणि सातवर कायम झाले.

तळ्यावर सकाळी दहाचं ऊन होतं, पण वारा असा की उन्हाचा उपयोग नव्हता. खात्याचा हवेचा हातपंप काठावर मांडलेला. दोन गडी दांडा मारणार आणि लांब नळीतून हवा मामांच्या तोंडावरच्या काचेच्या मुखवट्यात जाणार. कमरेला दोर. खुणा ठरल्या: एक आटा फिरला की दोराला एक हिसका, ‘ओढू नका’साठी दोन, ‘ओढा’साठी तीन. मी गणित करून वीस मिनिटं सांगितली होती. दोर माझ्या हातात आणि घड्याळही माझ्याच हातात. मामा वाण्याची मापं वाजवत पायऱ्या उतरून पाण्यात गेले, आणि मामींनी येऊन माझ्या हातातला दोर काढून घेतला. मी काही म्हणायच्या आत त्या लुगड्याचा ओचा घट्ट खोचून पायऱ्या उतरल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मामी, काठावरूनही धरता येतो!"

"तिथनं कळत न्हाई," त्या म्हणाल्या.

पहिला हिसका यायला सहा मिनिटं लागली. मग दुसरा, तिसरा. इंजिनिअर बोटं मोडून मोजत होता आणि मी काठावर येरझाऱ्या घालत होतो. अस्वस्थपणा मामांकडून अंगात कधी आला कुणास ठाऊक. चौदाव्या मिनिटाला सहावा आटा. अठराव्याला सातवा. वीस झाली तेव्हा मी हाक मारली, "मामी, वेळ झाली, ओढा!" मामींनी मान हलवली. "थांबा. अजून फिरतंय." एकविसाव्याला आठवा हिसका आला. बावीस झाली, तेवीस झाली. मी ओरडलो, इंजिनिअर ओरडला. मामी दोराकडे पाहत नुसत्या उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. पंचविसावं मिनिट उलटलं आणि त्यांनी दोर अंगाशी ओढायला सुरुवात केली. खालून दोन हिसके आले. ओढू नका. मामींनी दोर मनगटाला गुंडाळला आणि ओरडल्या, "लावा की रं हात!" पंपावरचे दोघे सोडून आम्ही सगळे पाण्यात उतरलो.

मामा वर आले ते शिव्या देतच. मुखवटा काढला तर ओठ जांभळे, शब्द लडबडलेले. "दोन आटं! दोन आटं ऱ्हायलं हुतं! कुनी वडलं? दाच मिन्टं तर झाल्ती!"

"सव्वीस झाली, मामा," मी म्हणालो आणि घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

त्यांनी ते दोनदा पाहिलं. "गार लागलंच न्हवतं," ते म्हणाले, आणि तेव्हा त्यांचे दात इतके वाजत होते की पुढचे शब्द आम्हाला कळले नाहीत. राखणदारानं पेटवलेल्या काटक्यांशी आम्ही त्यांना बसवलं. तिथूनही ते ‘दोन आटं, दोन आटं’ करत होते, कोणी ओढायला सांगितलं ते विचारत होते. आणि मग त्यांचं लक्ष पायऱ्यांकडे गेलं. मामी अजून पाण्यातच होत्या. त्यांना पायरी चढता येत नव्हती. इंजिनिअरनं आणि मी दोन्ही दंड धरून त्यांना वर आणलं आणि त्या शेकोटीपाशी मटकन खाली बसल्या. पावलं पांढरीफटक पडली होती.

"ह्ये काय?" मामा म्हणाले. "तू कवाधरनं पान्यात हायस?"

"तुमी उतरला तवाधरनं."

"आनि पाय?"

"ते कवाच गेल्यालं." मामी निखाऱ्यांकडे पाहत होत्या. "चौथा आटा झाला तवाच कळंना झाल्तं. पर म्हटलं, त्यांच्या अंगात रबर हाय, अजून थोडं निभंल. काम व्हतंय तर व्हऊ द्यावं. लय दिस वाट बगितलीया त्यांनी."

मला त्या वेळी स्वतःची लाज वाटली. मी काठावर कोरडा उभा राहून मिनिटं मोजत होतो आणि मामी अनवाणी पायांनी तेच पाणी भोगत होत्या, मामांना किती सोसेल याचा अंदाज घेण्यासाठी, आणि स्वतःला सोसवेना झाल्यावरसुद्धा त्यांना आणखी वेळ मिळावा म्हणून. चौदा अंशाच्या पाण्यात कुणाला किती मिलिमीटर लागतं याचा इतका खल आम्ही दोघांनी केला, पण त्या माउलीचं नाव त्या वहीत कुठेच नव्हतं.

मधल्या वेळात पाइप पाहायला गेलेला इंजिनिअर खालून धावत आला. पाइपमधून पाणी जोरात सुटलं होतं, आठ आट्यांनी गावाचं भागणार होतं. तो आनंदानं म्हणाला, "मामा, तुम्ही कमाल केलीत! आता राहिलेले दोन उद्या सकाळी. सूट वाळवून ठेवतो, पंप इथेच राहू दे. तुमच्या हातूनच पूर्ण होऊ दे काम." मी मामांकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी हीच वाक्यं कुणीतरी म्हणावीत म्हणून वाट पाहिली होती.

"न्हाई," मामा म्हणाले.

"का हो? फक्त दोनच तर—"

"हिचं पाय गार पडल्यात."

त्यांनी रबरी जाकीट कसंबसं अंगातून सोलून काढलं. आतल्या बाजूनं ते अजून कोमट होतं, मी हात लावून पाहिलं. ते त्यांनी मामींच्या दोन्ही पायांभोवती गुंडाळलं, आणि जीपमध्ये मागच्या बाकावर बसल्यावर ती निळी गुंडाळी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. मामी लाजून म्हणाल्या, "आवं, जावई बसल्यात," पण पाय काढले नाहीत. घाटाच्या वळणांवर जीप हेलकावे खात होती. मामांनी जाकिटाच्या आत दोन्ही हात घालून त्यांची पावलं धरली होती, आणि थोड्या थोड्या वेळानं विचारत होते, "आली का ऊब? माज्या बोटांस्नी कळत न्हाई, तू सांग."

"अजून न्हाई," मामी म्हणत होत्या.

मेढा मागे पडला. जाकिटाच्या कडेतून मामींची टाच दिसत होती, आणि तिच्यावर रंग केव्हाच परत आला होता. मामांनी पुन्हा विचारलं. मामींनी डोळे मिटून घेतले होते.

"अजून न्हाई," त्या म्हणाल्या. "धरा थोडा येळ."